पानाला परवाना

बाबांची कंबर दुखायला लागली तेव्हा आम्हाला ती थंडीची कुरकुर वाटली. ग्वाल्हेरची थंडी म्हाताऱ्या हाडांना सोडत नाही. आईने मोहरीच्या तेलात लसूण तळून ते तेल रोज चोळलं. महिन्याभराने कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो कंबरेच्या हाडांत उतरला होता. आम्ही जिथे जोर लावून चोळत होतो ती जागा आतून पोखरून निघाली होती. आई त्या दिवशी बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली.

घरात आम्ही तिघंच. मी सिटी सेंटरमधल्या एका बँकेत आहे, लग्न केलं नाही. बाबा आबकारी खात्यात कारकून होते, मोठे बाबू म्हणजे हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. दारूची दुकानं, भांगेचे ठेके, त्यांचे परवाने, नूतनीकरण, ह्या सगळ्या फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या. स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. लहानपणी आम्ही होळीला ठंडाईसाठी हट्ट केला की ते म्हणत, "पान म्हणजे भांग, फूल म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. पानाला परवाना, फुलाला तुरुंग. आणि तुम्हाला दूध." खासगी बाजारातल्या आमच्या गल्लीत हे वाक्य शेजाऱ्यांच्या पोरांनाही पाठ होतं.

त्या थंडीत ते पलंगाला खिळले. कूस बदलायची म्हणजे आम्हा दोघींना दम साठवावा लागायचा, कारण ते ओरडायचे. बाबा कधी आवाज चढवून बोलले नव्हते. आता चादर ओढली तरी त्यांच्या गळ्यातून असा आवाज निघायचा की खालचा दुकानदार मान वर करून बघायचा. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दुखणं थोडं उतरलं, पण पोट साफ होईना, खाल्लेलं पोटात ठरेना आणि ते दिवसभर अर्धवट शुद्धीत पडून राहायला लागले. शुद्धीवर आले की म्हणायचे, "ही गोळी नको. हिने मी मरायच्या आधीच जातोय." गोळी कमी केली की पुन्हा ओरडणं.

कॅन्सरच्या डॉक्टरांना मी एक दिवस दारातच अडवलं. ते म्हणाले, "देखिए, काही पेशंटना विजया तेलाने बरं वाटतं. भूक लागते, झोप येते. सगळ्यांना नाही. मी ते लिहून देऊ शकत नाही, आयुर्वेदाच्या डॉक्टरने लिहावं लागतं. मॉर्फिन थोडं चालू ठेवा आणि विचारून बघा."

विजया म्हणजे भांगच, हे मला, बाबांच्या मुलीला, कोणी सांगायला नको होतं.

आईला सांगितलं तर तिने पदर तोंडाला लावला. "नशा देणार आहेस बापाला? शेवटी शेवटी?"

"औषध आहे आई. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं."

"त्यांना सांगितलंस?"

मी सांगितलं होतं. बाबांनी डोळे मिटूनच विचारलं, "पानाचं की फुलाचं?"

"पानाचं. बाटलीवर लिहिलेलं असतं."

"बनवणाऱ्याचा परवाना?"

"तोही असतो."

"मग कायद्यात बसतंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. वेदना उतरायच्या आशेने नव्हे, नियमाने त्यांना जरा आधार दिला असं मला वाटलं, आणि त्याचाही मला राग आला.

आयुर्वेदाच्या एक वैद्यबाई सिटी सेंटरमध्येच बसायच्या, माझ्या बँकेपासून चालत पाच मिनिटांवर. माझ्याहून वयाने लहान, पण घाई न करणाऱ्या. बाबांना हलवता येत नव्हतं म्हणून त्या घरी आल्या. त्यांनी सगळे रिपोर्ट वाचले, मॉर्फिनची मात्रा विचारली, हृदयाचं विचारलं आणि चिठ्ठी लिहिली. तेल ग्वाल्हेरात मिळत नव्हतं. दुसऱ्या राज्यातली एक कंपनी चिठ्ठी तपासून कुरिअरने पाठवायची. "आठवडाभर धरा," त्या म्हणाल्या. "सुरुवात दोन थेंबांनी. मनाने वाढवायचं नाही. हे सावकाश चढतं, लोक तिथेच चुकतात."

मी मान हलवली. ते शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं, हे मला पुढे कबूल करावं लागणार होतं.

सहाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की पार्सल शहरात पोचलं आहे. मी बँकेतून लवकर निघाले. घरी गेले तर पार्सल नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या पडाव भागात त्या कुरिअरवाल्यांच्या गोदामात गेले. काउंटरवरच्या माणसाने खोक्यावरचा कागद मला दाखवला.

"मैडम, इसमें भांग लिखा है."

"दवाई है. नीचे डॉक्टर का पर्चा लगा है, देखिए."

"वो ठीक है. लेकिन दूसरे स्टेट से आई है. ऊपर से बोला है, एनओसी लाओ तब देना. नहीं तो वापस जाएगी."

"किसकी एनओसी?"

"सरकारी. कोई भी."

खोकं त्याच्या मागच्या रॅकवर होतं. हाताच्या ओंजळीत मावेल एवढं. मध्ये लाकडी काउंटर होता, एवढंच. मी त्याला सांगितलं की माझे वडील दुखण्याने ओरडतायत. तो खरंच ओशाळला. म्हणाला, "मेरी नौकरी चली जाएगी, दीदी."

त्यानंतरचे दिवस मी कार्यालयांमधून काढले. त्यांची नावं लिहीत नाही, कारण माझ्याशी कुठेही कोणी वाईट वागलं नाही. एका ठिकाणी सांगितलं, हे तयार औषध आहे, आमचा संबंध कच्च्या भांगेशी. दुसरीकडे म्हणाले, आयुर्वेदिक आहे, ते वेगळं खातं. तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी चष्मा वर करून चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "इसमें तो एनओसी लगती ही नहीं. जो लगती नहीं, वो हम दें कैसे?" सगळेच बरोबर बोलत होते. मी त्यांच्यासमोर हात जोडून उभी होते आणि मला कोणाशी भांडताही येत नव्हतं.

घरी परतले की जिन्यातच आवाज यायचा. आई दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघायची. मी रिकामा हात वर करायची. ती वळून आत जायची. एकदा मात्र म्हणाली, "तुला जमत नसेल तर सांग. मी जाते त्या माणसाच्या पाया पडायला." आईला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नव्हता.

गोदामात तिसऱ्यांदा नकार मिळाला त्या दुपारी मी पडावहून पायी निघाले. ऑटोत बसायचंही भान नव्हतं. वाटेत एक भांगेचं दुकान दिसलं. ह्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं जात होते, पण ते दिसलं त्या दिवशी. निळी पाटी, वर 'लाइसेंसी दुकान' लिहिलेलं, जाळीच्या खिडकीमागे एक म्हातारा. लोक येत होते, हात आत घालत होते, हिरव्या गोळ्या घेऊन जात होते. कोणी चिठ्ठी मागत नव्हतं, एनओसी मागत नव्हतं. तेच पान. माझ्या वडिलांच्या नावाची बाटली मोजून मापून बनवलेली, डॉक्टरच्या सहीने आलेली, ती रॅकवर अडकली होती, आणि इथे ते रस्त्यावर मिळत होतं.

मी रांगेत उभी राहिले. बायका कोणी नव्हत्या. म्हाताऱ्याने विचारलं, "किसके लिए, बेटी?"

"पूजा के लिए," मी म्हणाले.

गोळी घेऊन घरी आले तेव्हा आई जरा लवंडली होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटून अर्धी गोळी बदामाच्या दुधात घोटली, वेलदोडा घातला, आणि बाबांना उचलून बसवून चमच्याने पाजली. त्यांनी विचारलं, "काय आहे?" मी म्हणाले, बदामाचं दूध. माझ्या आयुष्यात मी बाबांशी खोटं बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तास गेला. काहीच झालं नाही. ते कण्हतच होते. मला वाटलं, एवढ्याने काय होणार, दुखणं केवढं, गोळी केवढी. मी उरलेली अर्धी पाजली.

मग दोन्ही अर्ध्या एकदम चढल्या.

आधी त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली. "धर मला," ते म्हणाले. "विहिरीत चाललोय. पलंग विहिरीत चाललाय." त्यांचं काळीज एवढ्या जोरात उडत होतं की बनियनवरून दिसत होतं. मी हात धरला तर त्यांनी झटकला. "कौन हो तुम? यहाँ किसने आने दिया?" ते माझ्याशी हिंदीत बोलले. बाबा माझ्याशी कधीही हिंदीत बोलले नव्हते. ऑफिसात बाहेरच्या माणसाशी बोलायचे तसे ते बोलत होते आणि भीतीने थरथरत होते. हिसका बसून कंबरेत कळ गेली तशी ते ओरडले, आणि ते ओरडणं थांबेचना.

आई धडपडत आली. "काय झालं? काय दिलंस त्यांना?"

मी सांगितलं.

ती पलंगावर त्यांच्या उशाशी बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान मुलाला थोपटावं तशी छातीवर थोपटत राहिली. मी वैद्यबाईंना फोन लावला. काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं, सगळं सांगावं लागलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"मॉर्फिन केव्हा दिलं होतं?"

"सकाळी."

"आता देऊ नका. श्वास मोजत राहा. श्वास मंदावला किंवा हाक मारून जागे झाले नाहीत तर लगेच हॉस्पिटल. मी येते आहे." त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या आल्या, नाडी धरून बसल्या. दिवेलागणीपर्यंत बाबा हळूहळू निवले आणि झोपले. मी स्वयंपाकघरात जाऊन ते दुधाचं पातेलं घासत राहिले. हिरवा डाग केव्हाच गेला होता. माझ्या मनात एकच येत होतं की आज ते गेले असते तर शेवटच्या क्षणी त्यांनी मला ओळखलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पलंगावर आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तोंड कोरडं पडलं होतं. मी पाणी पाजलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"कुठल्या दुकानातून आणलीस?"

मी खाली मान घालून सांगितलं.

"परवानाधारक आहे," ते म्हणाले. मग, "विचारायचं तरी होतंस, बाळ. मी प्यायलो असतो."

मी रडायला लागले. कार्यालयांचं, गोदामाचं, एनओसीचं सगळं त्यांना सांगितलं. इतके दिवस त्यांना त्रास नको म्हणून मी हे लपवलं होतं. ते ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. टेबलावर अडलेली फाइल आल्यासारखा.

"तू काय मागितलंस त्यांच्याकडे?"

"परवानगी."

"तिथेच चुकलीस. परवानगी मागितली की द्यायची कोणी हा प्रश्न येतो. कोण सही करणार? कागद आण."

मी कागद पेन घेऊन बसले. ते एकेक शब्द हिंदीत सांगत होते, मध्येच कळ आली की थांबत, ओठ दाबून धरत, आणि कळ ओसरली की बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. "महोदय. सविनय निवेदन है कि प्रार्थी एक सेवानिवृत्त शासकीय कर्मचारी है." अर्जात त्यांनी दयेचा एक शब्द घालू दिला नाही. मी 'असह्य पीड़ा' लिहिलं तर म्हणाले, "ते काढ. पीडा हा कार्यालयाचा विषय नाही." शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. चिकित्सकाच्या चिठ्ठीवर मागवलेल्या ह्या औषधाला ह्या कार्यालयाच्या ना-हरकतीची आवश्यकता नाही, एवढंच लेखी कळवावं.

"एनओसी लागत नाही म्हणाले ना ते? मग तेच लिहून मागायचं. जे खरं आहे ते लिहून द्यायला माणूस घाबरत नाही."

मग सही. मी पाठीमागून त्यांना धरलं. पेन कागदावर घसरत गेलं. बँकेत माझ्यासमोर अशी सही आली असती तर मी चेक परत केला असता. बाबांनी ती बघितली आणि म्हणाले, "जुळणार नाही. खाली अंगठा घे." चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा अंगठा मी शाईच्या पॅडवर दाबला.

त्या चष्मेवाल्या गृहस्थांनी अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. "किसने लिखा है ये?"

"वडिलांनी," मी मराठीतच बोलून गेले, आणि मग, "पिताजी ने. बोलकर लिखवाया."

"बैठिए," ते म्हणाले. पहिल्यांदाच कोणी मला बसायला सांगितलं. तरी जावकात नोंद, वरिष्ठांची सही, मध्ये सुट्टी, असे तीन दिवस गेले. चार ओळींचं पत्र मिळालं. पडावच्या माणसाने ते पत्र फोटो काढून कुठेतरी पाठवलं, उत्तर आलं, आणि त्याने खोकं काउंटरवर ठेवलं. वैद्यबाईंनी चिठ्ठी लिहिल्याला एकोणीस दिवस झाले होते. मी ते खोकं छातीशी धरून ऑटोत बसले आणि घर येईपर्यंत कोणीतरी ते काढून घेईल अशा भीतीने हात सैल केले नाहीत.

दोन थेंब, जिभेखाली. वैद्यबाई समोर बसून. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही, आणि मी मनाने वाढवलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वरण-भात मागितला आणि चार घास खाल्ले. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी विचारलं, "दुखतंय का बाबा?"

"दुखतंय," ते म्हणाले. "पण आता शेजारच्या खोलीत दुखतंय."

चमत्कार काही झाला नाही. कूस बदलताना ते अजून कण्हायचे, मॉर्फिनही थोडं चालूच होतं. पण ते झोपायचे, जागे झाले की जागे असायचे. एका दुपारी आईला म्हणाले, "तू फार बारीक झालीस." आईने त्यांच्या अंगावरची शाल नीट केली, एवढंच. असे अकरा दिवस मिळाले. मग छातीत कफ झाला, ताप आला, आणि दोन दिवसांत ते गेले. डॉक्टर म्हणाले, हा आजाराचाच शेवट आहे, तेलाचा काही संबंध नाही. मी त्यांना ते विचारलं नव्हतं. मला विचारायचं होतं की ते एकोणीस दिवस कुठे गेले, आणि ते कोणाला विचारायचं हे मला आजही कळलेलं नाही. त्यातल्या एका दुपारचा हिशेब तर माझ्याच नावावर आहे.

तेराव्यानंतर आठवड्याभराने गल्लीच्या टोकाला राहणारी एक बाई आली. तिच्या नवऱ्याच्या जबड्याचा कॅन्सर शेवटाला आला होता. तिला कोणाकडून तरी आमच्या तेलाचं कळलं होतं. दारातच उभी राहिली. "ताई, थोडंसं उरलं असेल तर…"

अर्ध्याहून जास्त बाटली उरली होती. फ्रिजच्या दारात होती. मी तिला आत बसवलं आणि समजावून सांगायला लागले. चिठ्ठी बाबांच्या नावाची आहे, दुसऱ्याला देता येत नाही, मात्रा माणसागणिक बदलते, चुकली तर काय होतं ते मी बघितलंय. वैद्यबाईंचा पत्ता देते, त्या घरी येतात.

"मग किती दिवसांत मिळेल?" तिने विचारलं.

मी मनात एकोणीस दिवस मोजले.

फ्रिज उघडल्याचा आवाज आला. आई भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिच्या हातात बाटली होती. तिने ती बाईच्या हातात दिली आणि तिची बोटं वरून मिटवली.

"आई, असं देता येत नाही," मी म्हणाले.

"मग तू नको देऊस. मी दिली." माझ्याकडे न बघताच ती पुढे म्हणाली, "तू त्या वैद्यबाईला फोन लाव. ह्यांच्या घरी आत्ता येते का विचार. ती येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, समजलं का ग?"

बाईने मान हलवली. मी फोन लावला. वैद्यबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाटलीबद्दल मी काही ऐकलेलं नाही. पेशंट बघायला मात्र येते." त्या आल्या. मी त्यांना त्या घरापर्यंत सोडायला गेले. दारापर्यंतच. आतून जो आवाज येत होता तो माझ्या ओळखीचा होता, आणि मला उंबरा ओलांडता आला नाही.